मासळीचा खरा आंकडा

चोरी म्हटली म्हणजे कोणाची तरी वस्तु कोणी तरी नेली, असें आपण समजतों. शेतांतलें कणीस शेतकऱ्याचें, गोठ्यांतली गाय तिच्या धन्याची. तीं नेलीं तर कोणाचें नुकसान झालें हें लहान मूलही सांगेल. परंतु समुद्रांतला मासा कोणाचा? तो कोणीं पेरिला नाहीं, कोणीं पाळिला नाहीं. ज्यानें धरिला त्याचा तो झाला. मग एखाद्यानें दहा मासे धरिले आणि आठच सांगितले, तर त्यानें चोरी केली काय? केली असल्यास कोणाची? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या ठिकाणीं कोणी पाहत नाहीं आणि ज्याचें नुकसान होतें तो समोर दिसत नाहीं, त्या ठिकाणींही मनुष्यानें खरें बोलावें काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे. म्हणून आज त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या कोंकणकिनाऱ्यावर ज्यांस गेदर किंवा कुपा म्हणतात, ते मासे टूना नांवाच्या कुळांतले होत. ह्याच कुळांतला निळ्या परांचा टूना उत्तर प्रशांत महासागरांत राहतो. जपान व तैवान ह्यांच्या आसपासच्या पाण्यांत तो अंडीं घालतो, आणि त्यांतले कांहीं मासे सारा महासागर ओलांडून कॅलिफोर्निया व मेक्सिको ह्यांच्या किनाऱ्यापर्यंत जातात. पुरा वाढलेला मासा दोनशें किलोंहून अधिक भरूं शकतो. जानेवारी २०१९ मध्यें टोकियोच्या बाजारांत वर्षाच्या पहिल्या लिलावांत ह्या जातीचा २७८ किलोंचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनांस गेला. ती मानाची बोली होती. नित्य एवढें मोल येत नाहीं हें खरें. तथापि ज्या माशास इतकें मोल चढतें त्याच्यामागें किती जाळीं व किती गळ लागत असतील, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

झालेंही तसेंच. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें २०१० च्या सुमारास अंडीं घालणाऱ्या माशांचा सांठा, मुळींच मासेमारी नसती तर जितका असता, त्याच्या शेंकडा दोनांच्या जवळपास येऊन ठेपला होता. तेव्हां निरनिराळ्या राष्ट्रांनीं एकत्र बसून मर्यादा घातली. ३० किलोंच्या आंतील लहान मासे २००२ ते २००४ ह्या वर्षांच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षां अधिक धरूं नयेत, असें ठरलें. कॅलिफोर्नियाच्या समुद्रांत हौसेखातर गळ टाकणाऱ्यास पूर्वीं दिवसाला दहा मासे नेण्याची मोकळीक होती, ती २०१५ सालीं दोनांवर आणिली. ह्या संयमाचें फळ असें आलें कीं, २०२२ पर्यंत तो सांठा शेंकडा तेविसांपर्यंत वाढल्याचें दिसून आलें. शेंकडा वीस हा टप्पा २०३४ पर्यंत गांठावयाचा असें ठरलें होतें. तो कित्येक वर्षें आधींच गांठला गेला.

आतां ही सर्व इमारत कशावर उभी आहे तें पाहा. समुद्राच्या पोटांत शिरून कोणी मासे मोजीत नाहीं. किती धरिले, केवढाले धरिले, आणि ते धरावयास किती वेळ व किती श्रम लागले, ह्या नोंदींवरून शास्त्रज्ञ अंदाज बांधितात. त्या अंदाजावरून पुढल्या वर्षाचा वाटा ठरतो. म्हणजे ज्या मासेमारानें पहांटे काळोखांत आपल्या वहींत एक आंकडा लिहिला, त्याच्या खरेपणावर हजारों लोकांची पुढली भाकर अवलंबून असते. त्या वेळीं त्याच्या नावेवर पहारेकरी नसतो. तो असतो, समुद्र असतो, आणि देव असतो.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाशीं ओमा नांवाचें गांव ह्या माशाकरितां प्रसिद्ध आहे. वर सांगितलेला मोलाचा मासा तेथलाच. २०२१ सालीं तेथें धरिलेले पुष्कळ मासे सरकारास न कळवितां दूरच्या बाजारांत विकले गेले, असें पुढें उघडकीस आलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें दोन मासळीव्यापाऱ्यांस अटक झाली. २०२४ सालीं कायदा अधिक कडक करून, मोठ्या माशांचें केवळ वजनच नव्हे तर संख्याही कळविली पाहिजे असें ठरविण्यांत आलें. त्याआधीं, २००६ सालीं, दक्षिण समुद्रांतल्या ह्याच कुळांतील दुसऱ्या एका जातीविषयीं असेंच आढळलें होतें. अनेक वर्षें ठरल्यापेक्षां फार अधिक मासळी धरिली गेली होती; म्हणून जपानचा वर्षाचा वाटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आणिला गेला. ज्यांनीं लपविलें त्यांच्याबरोबर ज्यांनीं लपविलें नव्हतें त्यांचाही वाटा गेला. हे दाखले देऊन त्या देशास हिणवावें असा आमचा हेतु मुळींच नाहीं. सांठा पुन्हां वाढला तो त्याच देशांतल्या असंख्य मासेमारांनीं मर्यादा पाळिली म्हणूनही वाढला.

मग चोरी कोणाची झाली? आमच्या किनाऱ्यावरील बंधूंस ह्याचें उत्तर सांगावयास नको. नाव परत आल्यावर तांडेल वाटे घालितो. वाटे घालतांना त्यानें एक टोपली फळीखालीं दडविली, तर ती मासळी समुद्रांतून आली, कोणाच्या मालकीची नव्हती, असें म्हणून खलाशी गप्प बसतील काय? ती टोपली त्या सर्वांच्या वाट्यांतून गेली, हें त्यांस तत्काळ कळेल. एका नावेवर जें खरें तें साऱ्या समुद्रावरही खरें आहे. भेद इतकाच कीं, तेथें वाटेकरी एकमेकांस दिसत नाहींत. एक ह्या कांठीं, दुसरा त्या कांठीं, आणि तिसरा अद्यापि जन्मासही आला नाहीं. वाटेकरी दृष्टीआड आहे म्हणून त्याचा वाटा बुडविणें चोरी होत नाहीं, असें म्हणणें म्हणजे शेजारी झोंपला असतां त्याच्या घरांत शिरणें पाप नव्हे असें म्हणण्यासारखें आहे.

येथें कोणी प्रामाणिक मनुष्य विचारील, “खरें सांगून माझेंच नुकसान होत असेल तर?” ही शंका टाकाऊ नाहीं. २०१७ च्या शरदऋतूंत होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आमच्या डोलीप्रमाणें एके ठायीं बांधून ठेवलेल्या जाळ्यांत, लहान टूनांचे थवे आपण होऊन शिरले, आणि त्या भागाची मर्यादा कित्येक पटींनीं ओलांडली गेली. त्याचा भार पुढें अनेक वर्षें त्या साऱ्या भागावर पडला. ज्यांनीं एका गळानें एकएक मासा धरून पोट भरावें अशा शेजाऱ्यांचीही मासेमारी त्यांत बुडाली. तसेंच जून २०२१ पासून जपानांत हौशी मासेमारांनीं ३० किलोंच्या आंतला मासा सोडून द्यावा आणि मोठा धरिल्यास कळवावा, असा नियम झाला. लोकांनीं कळविलें, बेरीज मर्यादेपर्यंत गेली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यांची ती मासेमारी बंद करण्यांत आली. ज्यानें खरें कळविलें त्यानें आपल्याच हातानें आपला दरवाजा लाविला, असें दिसतें.

ह्यावर आम्ही असें म्हणतों कीं, खरेपणास किंमत पडते हें लपवून सत्याचा उपदेश करणेंही एक प्रकारचें असत्यच आहे. किंमत पडते. परंतु खोट्या आंकड्यानें ती किंमत नाहींशी होत नाहीं. ती केवळ दुसऱ्याच्या माथीं जाते. आपण लपविलेले दोन मासे पुढें कोणाच्या तरी मुलाच्या ताटांतून वजा होतात. आणि नियमच अन्यायाचा असेल, मोठ्या जहाजांस मोठा व लहान होडीस लहान वाटा मिळत असेल, तर त्याविरुद्ध उघड बोलावें, अर्ज करावे, सभेंत उभें राहावें. गरिबाच्या हातांत अन्यायाशीं लढण्यास एकच हत्यार असतें, तें म्हणजे त्याचा शब्द. त्यानें आपली वही खोटी केली म्हणजे तेंही हत्यार गेलें.

“सगळेच असें करितात,” ही दुसरी सबब. परंतु सगळे कोण? सगळ्यांनींच तसें केलें असतें तर तो मासा शेंकडा तेविसांपर्यंत वाढता ना. “माझा एकच मासा, त्यानें काय होतें,” ही तिसरी. हौशी मनुष्य बहुधा असें म्हणतो, कारण त्याचें पोट त्यावर नसतें. पण ज्याचें पोट त्यावर नाहीं त्यास खोटें बोलण्याचें कारणही तितकेंच थोडें, हें त्यानें विसरूं नये.

शास्त्रांत ह्या पापाचा एक भयंकर दाखला आहे. हनन्या व सप्पीरा ह्यांनीं आपली जमीन विकिली. ती विकण्याची त्यांजवर कोणीं सक्ती केली नव्हती. विकल्यावरही पैसा त्यांच्याच हातीं होता, हें पेत्रानें त्यांस स्पष्ट सांगितलें. कांहीं भाग ठेवून घेतला हा त्यांचा अपराध नव्हता; भागास सर्व म्हटलें, हा होता. आंकडा खोटा सांगितला, आणि तो मनुष्यांस नव्हे तर देवास सांगितला. उलटपक्षीं, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटल्या अध्यायांत पाहा. पुनरुत्थित प्रभु किनाऱ्यावर उभा आहे, निखारे पेटले आहेत, आणि शिष्यांचें जाळें भरून आलें आहे. त्या आनंदाच्या घटकेसही मासे मोजले गेले आणि ते एकशें त्रेपन्न भरले. ह्या संख्येंत गूढार्थ शोधणारे पुष्कळ झाले. आम्हांस तिचा साधा अर्थ पुरे वाटतो. सुमारें दीडशें असें तेथें लिहिलें नाहीं. वरचे तीनही लिहिले आहेत. प्रभूच्या समोर मोजलेला आंकडा असा असतो.

उपदेशक बंधूंनो, त्याच प्रभूनें मासे धरणाऱ्यांस माणसें धरणारे केलें. त्या कामाचीही वही असते. उपासनेस किती जमले, शाळेंत किती मुलें आलीं, बाप्तिस्मा किती जणांनीं घेतला, वर्गणी किती झाली, हें आपणही लिहून पाठवितों. मासेमारास थोडें सांगण्याचा मोह होतो, आपणांस फार सांगण्याचा होतो. मोहाचें तोंड निराळें, मूळ एकच. पंधरा माणसें बसलीं असतां चाळीस लिहिलीं, तर ज्या गांवास खरोखर मदतीची गरज आहे त्याची गरज कोणास दिसणार नाहीं, आणि मंडळी वाढत आहे असें समजून वडील मंडळी प्रार्थनाही करणार नाहींत. पंधरा असतील तर पंधरा लिहा. लहान आंकडा देवास लज्जास्पद वाटत नाहीं. त्याचा पुत्र जेथें दोघे तिघे जमतात तेथें येतो.