पथ्य सांगणाऱ्याला स्वयंपाक यायला हवा का?

 

आपल्या लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा भागातल्या बऱ्याच घरची मुलं-मुली आता नागपूर, वर्धा, छिंदवाड्याला नर्सिंग नाहीतर डॉक्टरकी शिकतात. आनंदच आहे. त्यावरून एक प्रश्न सगळ्यांपुढे ठेवतो. जो उद्या दुसऱ्याला पथ्य सांगणार, त्याला स्वतः स्वयंपाक यायला हवा का?

गूळ खाणाऱ्या पोराची गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. साधूनं आधी स्वतः गूळ सोडला, मग पोराला सांगितलं. पण ही गोष्ट डॉक्टरला जशीच्या तशी लावणं आम्हाला पटत नाही. हाड बसवणाऱ्यानं आधी स्वतःचं हाड मोडून घ्यावं असं कुणी म्हणत नाही.

जेवणाची गोष्ट मात्र वेगळी. गोळी रोगी स्वतः गिळतो, पथ्य दुसऱ्याच्या हातून शिजतं. "मीठ कमी करा" म्हणायला काय लागतं? घरी आठ माणसांचा एकच गंज चुलीवर असतो. सुनेनं काय करायचं? ज्यानं कधी भाजी केली आहे तो सांगेल, की मीठ घालायच्या आधी बाबांच्या वाट्याची वाटीभर बाजूला काढा, वरून लिंबू पिळा, सांभार घाला. आणि लोणचं, पापड, ठेचा यांच्याकडेही बघा, मीठ तिथं लपलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचाही नाही.

दुसरं उदाहरण. किडनीच्या रोग्याला पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर बटाटा चिरून, उकडून ते पाणी फेकायचं. त्याच घरात रक्त कमी असलेली मुलगी असेल, तर तिच्या पालेभाजीचं पाणी फेकायचं नाही, लिंबू जेवताना पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही. एकाच चुलीवर दोन उलटे नियम! हे चिठ्ठीवर मावत नाही. मग पथ्य मोडलं की बोल बसतो त्या बाईलाच. आमचा खरा आक्षेप इथं आहे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहाराचा विषय आहे, रोग्याचं जेवण करून बघायचं प्रात्यक्षिकही आहे. डॉक्टरकीत पोषण पुस्तकात येतं, चुलीपाशी जायची सक्ती नाही. म्हणजे शिजवणारी एक आणि सांगणारा दुसरा, ही घरातलीच वाटणी तिथंही! अमेरिकेत ट्युलेन विद्यापीठानं भावी डॉक्टरांसाठी स्वयंपाकघरच काढलं. आपल्या जवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या मेडिकल कॉलेजात नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, श्रमदान करतात, पुढे गाव दत्तक घेऊन घरोघरी जातात. दुसऱ्याच्या घरची चूल बघितलेला डॉक्टर वेगळंच बोलतो.

कुणी म्हणेल, पोरांवर अभ्यासाचं ओझं आधीच फार आहे. खरं आहे. पण वरण-भाकरी शिकायला वर्ष लागत नाही. आणि "पोराला काय चुलीपाशी बसवता" हे जे आपल्याकडे म्हणतात, ते ओझ्याचं कारण नव्हे, दुसरंच काही आहे.

ज्या घरी असा विद्यार्थी आहे, त्यांनी ह्या सुट्टीत चार दिवस आजीचं कमी मिठाचं जेवण त्याच्याकडून करून घ्यावं. मुलगा असो की मुलगी. आजी काय म्हणाल्या ते ग्रुपवर अवश्य लिहा.