नोंद आणि माणूस

'पत' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी माणसाच्या वागणुकीशी जोडलेला होता. सराफ्यातील पेढीवर शब्दावर पैसे मिळत, कारण पेढीवाला घराणे ओळखीत असे. आज ती पत 300 ते 900 यांमधील एका आकड्यात मावते. तो आकडा चुकीच्या नोंदीवर उभा असेल, तर चूक सिद्ध करण्याचे ओझे कोणी वाहावयाचे? हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नसून नीतीचा आहे, असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या गृहकर्जासाठी मी सहअर्जदार झालो आणि अर्ज फेटाळला गेला. माझ्या पत-अहवालात एक थकलेले वाहनकर्ज बुडीत खाती टाकलेले दिसले. ते मी कधीच घेतलेले नव्हते. माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणा गृहस्थाचे ते होते. सारी हयात सरकारी नोकरीत हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला, मुलासमोर 'थकबाकीदार' ठरताना काय वाटते, ते सांगणे अवघड आहे.

पत-माहिती कंपन्यांचा कायदा 2005 साली झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. त्या स्वतः नोंद बदलीत नाहीत. कर्ज देणाऱ्या संस्थेस विचारतात. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागावा असा नियम असून, एप्रिल 2024 पासून त्यापुढील विलंबाबद्दल दिवसाला 100 रुपये भरपाई ठरविण्यात आली आहे. माझ्या तक्रारीस उत्तर मुदतीतच आले: 'पडताळणी केली, माहिती बरोबर आहे.' म्हणजे संस्थेने आपलीच वही आपल्याच वहीशी ताडून पाहिली होती! विलंबाला दंड आहे. मुदतीत दिलेल्या बेफिकीर उत्तराचे काय?

न घेतलेल्या कर्जाचा पुरावा मी कोठून आणावा? शेवटी मी कर्जाच्या मूळ अर्जाची प्रत मागितली. त्यावरील सही माझी नव्हती, पॅन क्रमांकही माझा नव्हता. मग नोंद निघाली.

कोणी म्हणेल, प्रत्येक कर्जबुडव्या 'हे कर्ज माझे नाही' असे म्हणू लागला तर ठेवीदारांचे, म्हणजे आपल्यासारख्या निवृत्तांचेच, पैसे बुडतील. आक्षेप खरा आहे. नोंद प्रथमदर्शनी खरी मानल्याशिवाय कोणताच व्यवहार चालणार नाही. परंतु असे मानणे ही सोय आहे, सत्य नव्हे. ज्याने नोंद केली, कागद ज्याच्या कपाटात आहेत, त्याने आक्षेप येताच ते कपाट उघडावे, एवढीच अपेक्षा आहे. खऱ्या ऋणकोची सही तेथे सापडेलच. निरपराध्याची सापडणार नाही.

हे लिहिताना माझाच हात अडखळतो. महसूल खात्यात असताना माळव्यातील एक वृद्ध विधवा माझ्याकडे येत असे. खसऱ्यात तिच्या पतीच्या जागी दिराचे नाव लागले होते. मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेचे कलम 117 मला पाठ होते: विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. मी म्हणे, "बाई, कागद आणा." ती म्हणे, "साहेब, शेत साऱ्या गावाने पाहिले आहे." कायद्याने मी बरोबर होतो, आणि त्या बरोबर असण्यात मला समाधानही वाटे.

तिसऱ्या खेपेस मी जुने दप्तर काढविले. नक्कल करणाऱ्याची चूक त्यात स्पष्ट दिसत होती. पुरावा तिच्या गाठोड्यात नव्हता. माझ्याच कचेरीत, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होता. नोंद दुरुस्त झाली, तिने मला आशीर्वादही दिले. मात्र पहिल्या दोन खेपांचे भाडे आणि बुडालेली मजुरी तिला कोणी दिली नाही. ते मला तेव्हा सुचलेही नाही.

वाचकांनी वर्षातून एकदा मिळणारा आपला विनामूल्य पत-अहवाल अवश्य पाहावा, आणि चूक आढळल्यास मूळ कागदाची प्रत मागावी. दाद न लागल्यास 2022 पासून या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते. आणि ज्यांच्या हाती आज एखादी वही आहे, त्यांना एवढेच सांगणे: समोरच्याला 'कागद आणा' म्हणण्यापूर्वी एकदा आपले दप्तर उघडून पाहावे. मी ते दोन खेपा उशिरा उघडले.