वाजवून उपयोग काय?



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक माता भेटल्या. म्हणाल्या, "सर, मुलगा यंदा नववीत गेला. शाळेच्या वाद्यवृंदातून त्याचं नाव काढलंय. व्हायोलिन वाजवून उपयोग काय?" शेजारी मुलगा मान खाली घालून चपलेने माती उकरत होता. मी काहीच बोललो नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

उपयोग सांगणारे पुष्कळ आहेत. संगीताने बुद्धी वाढते, असे ते म्हणतात. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होते, अशी समजूत जगभर पसरली. प्रत्यक्षात तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्याचा परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकला होता. गुणांसाठी संगीत धरले, तर गुण दुसरीकडे मिळू लागताच ते सुटणारच.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. लेखन-वाचन व्यवहारासाठी, व्यायाम आरोग्यासाठी. मग संगीत कशासाठी? त्याचे उत्तर असे की, माणसाला फुरसतीचा वेळही चांगला घालवता आला पाहिजे, त्यासाठी संगीत. प्रत्येक गोष्टीत उपयोग शोधणे मोठ्या मनाच्या माणसाला शोभत नाही, असेही तो सांगतो.

शाळेच्या वाद्यवृंदात काय घडते ते पाहा. वर्गात शेजारचा मुलगा आपला स्पर्धक असतो. त्याचे दोन गुण कमी झाले तर आपला नंबर वर जातो. वाद्यवृंदात मात्र तो चुकला तर सगळ्यांचेच गाणे बिघडते. म्हणून हुशार मुलगा कच्च्या मुलाला शिकवतो. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहून दुसऱ्याचे ऐकावे लागते. आणि इथे कॉपी करून कोणी पास होत नाही. रोजचा सराव केला की नाही, हे पहिल्याच सुराला कळते.

गोव्यातील चर्चच्या शाळांत पूर्वी मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवत. हेतू एवढाच, की उपासनेत नीट गाता-वाजवता यावे. पुढे याच परंपरेतून मुंबईच्या चित्रपटसंगीताला कितीतरी वादक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यातून गुरूचे नाव घरोघरी पोहोचले. उपयोग झालाच; पण तो मनात धरून कोणी त्या मुलांना शिकवले नव्हते.

त्या मातेची काळजी खोटी नाही. दहावीच्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो, आणि क्लासची फी भरताना आईबापांची ओढाताण होते. त्यांना दोष कोण देईल? पण आठवड्यातले दोन तास काढून घेतल्याने निकाल सुधारेल, याची खात्री कोणाला आहे? आणि उपयोग नाही म्हणून आनंदाची गोष्ट सोडायची, हा धडा मूल दहावीनंतरही विसरणार नाही. उद्या आपण म्हातारे होऊ, आपला कोणाला उपयोग उरणार नाही. तेव्हा हाच मुलगा आपल्याजवळ दोन घटका बसावा, असे वाटत असेल, तर आज त्याच्या हातातले व्हायोलिन काढून घेण्यापूर्वी थोडा विचार करू या.