सूड, न्याय आणि देहान्त प्रायश्चित्त

सूड आणि न्याय यांचा उगम एकच असतो. कोणावर तरी अन्याय झालेला असतो आणि त्याची फेड व्हावी असे माणसाला आतून वाटते. दोघांच्या वाटा त्यानंतर वेगळ्या होतात. सूड घेणारा स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिक्षा देणारा असतो. न्यायात ही तिन्ही कामे वेगवेगळ्या हातांत जातात. पण न्याय ज्या गादीकडे मागायचा ती गादीच खुनाने मिळवलेली असेल तर? शोकांतिकेला हाच पेच सर्वांत जवळचा आहे. मराठी रंगभूमीवर तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'भाऊबंदकी' या नाटकाने सर्वांत थेट मांडला. १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

नाटकाचा विषय पेशवाईतला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. जीव वाचवण्यासाठी ते चुलते रघुनाथराव यांच्याकडे धावले आणि त्यांच्या समोरच मारले गेले. त्यानंतर पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांनाच मिळाली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी हुकमातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले, असे परंपरा सांगते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि प्रत्यक्ष पेशव्यालाच देहान्त प्रायश्चित्त सांगितले. रघुनाथरावांनी ते घेतले नाही. रामशास्त्री पद सोडून वाईजवळच्या खेड्यात निघून गेले. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातही हा प्रसंग नोंदवलेला आहे.

या प्रकरणाचा शेवट गोदावरीच्या काठावर झाला.  रघुनाथराव १७८३ साली कोपरगावी वारले, तर आनंदीबाई १७९४ साली नाशिकजवळच्या आनंदवल्लीला. ज्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले त्याला दहा वर्षांनी नैसर्गिक मृत्यू आला. नाटकाचा न्यायविचार समजून घेताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. रामशास्त्र्यांचा निवाडा अमलात आला नाही आणि तरीही मराठी मनाने तोच न्यायाचा आदर्श मानला.

सूडाची शोकांतिका मराठी प्रेक्षकाला नवी नव्हती. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे रूपांतर हाती घेतले आणि ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. गणपतराव जोशी यांनी त्यातला चंद्रसेन, म्हणजेच हॅम्लेट, गाजवला. हॅम्लेटपुढचा पेच 'भाऊबंदकी'तल्या पेचासारखाच आहे. राजाचा खून झाला आहे, खुनी सिंहासनावर बसला आहे आणि दाद मागायला दरबार उरलेला नाही. पुरावा म्हणून हाती आहे तो फक्त पित्याच्या भुताचा शब्द. त्याची खातरजमा व्हावी म्हणून हॅम्लेट राजासमोर नाटक करवून त्याचा चेहरा पाहतो. इथवर तो न्यायाधीशासारखा वागतो. पुढे पडद्याआड कोण आहे हे न पाहता तो तलवार चालवतो आणि भलताच माणूस मरतो. मग त्या माणसाच्या मुलाला, लाएर्टिसला, हॅम्लेटवर सूड उगवण्याचा तितकाच हक्क मिळतो. सूडाचा खरा दोष इथे उघड होतो. तो एक हिशेब मिटवताना दुसरा उघडतो. शेवटी राजघराणे संपते आणि राज्य परक्या राजपुत्राच्या हाती जाते.

ही साखळी तोडण्याचा मार्ग ग्रीक रंगभूमीने फार पूर्वी दाखवला होता. एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये सादर झाली. पतीने पोटच्या मुलीचा बळी दिला म्हणून पत्नी पतीला मारते आणि पित्याच्या सूडासाठी मुलगा ओरेस्टिस आईला मारतो. आता सूडदेवता त्याच्या मागे लागतात. शेवटी अथेना देवी नागरिकांचे न्यायालय बसवते. मते समसमान पडतात आणि ओरेस्टिस सुटतो. मात्र सूडदेवतांना हाकलून दिले जात नाही. त्यांना नगरात मानाचे स्थान दिले जाते. अन्याय सोसलेल्याचा संताप खोटा नसतो, हे या शेवटात मान्य केलेले आहे. त्या संतापाला जागा देऊन त्याच्या हातातले शस्त्र तेवढे काढून घेणे, हे न्यायसंस्थेचे काम ठरते.

खाडिलकरांनी सूडाची बाजूही तितक्याच ताकदीने मांडलेली आहे. 'भाऊबंदकी'च्या आधी दोन वर्षे, १९०७ साली, त्यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. विराटाच्या राज्यात सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीचा कीचक अपमान करतो. भर सभेत तिला न्याय मिळत नाही. मग भीम कीचकाला मारतो. कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत हिंदुस्थान पाहणाऱ्या प्रेक्षकांना या कथेचा अर्थ सांगावा लागत नव्हता. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. सभा न्याय देत नसेल तर बळाचा वापर धर्म्य ठरतो, अशी या नाटकाची भूमिका आहे.

तो काळ नाशिक जिल्ह्याला जवळून माहीत होता. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीच्या 'शारदा' नाटकाला कलेक्टर जॅक्सन आले असता अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. जॅक्सनला मारणाऱ्यांच्या दृष्टीने ते अन्यायी राजवटीला दिलेले उत्तर होते आणि राजवटीच्या दृष्टीने तो खून होता. या दोन दृष्टींमध्ये निवाडा करील असा तिसरा, दोघांनाही मान्य असलेला न्यायाधीश त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. परक्या सत्तेखाली न्यायाची जी पोकळी तयार होते, तिच्यातून सूडाची भाषा जन्माला येते. 'कीचकवध' याच पोकळीतून आले.

'भाऊबंदकी'तली परिस्थिती मात्र वेगळी आहे. इथे राज्य आपले आहे, गुन्हेगारही आपला आहे आणि न्यायाधीश त्याच राज्याचा नोकर आहे. राघोबा (रघुनाथराव) दुबळ्या मनाचा आणि आनंदीबाई महत्त्वाकांक्षी, ही जोडी पाहून मॅक्बेथ आणि त्याची पत्नी आठवतात. पण मॅक्बेथमध्ये रामशास्त्री नाही. बायकामुलांच्या हत्येने पेटलेला मॅकडफ मॅक्बेथला मारतो आणि खरा वारस मॅल्कम गादीवर येतो, म्हणून त्या सूडाला न्यायाचे रूप मिळते. वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नाटकातून मॅक्बेथ मराठीत आणले, तेव्हा हीच रचना मराठी प्रेक्षकांपुढे पुन्हा उभी राहिली. तिथे राज्याची शुद्धी तलवारीने होते. खाडिलकरांच्या नाटकात ते काम एका निःशस्त्र माणसाच्या शब्दाने होते.

त्या शब्दाला धर्मशास्त्राचा आधार आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे आहेत. व्यवहारात दंड येतो आणि तो राजा देतो. प्रायश्चित्त विद्वान सांगतात, पण घ्यायचे असते ते पापी माणसाने स्वतः. अपराधी प्रजाजन असेल तर दंडाने काम भागते. अपराधी स्वतः सत्ताधीश असेल तर दंड कोणी द्यायचा? धर्मापासून ढळलेल्या राजाला दंडच कुळासकट नष्ट करतो असे मनुस्मृती म्हणते, पण तो दंड प्रत्यक्ष हातात कोणी धरायचा हा प्रश्न उरतोच. रामशास्त्र्यांनी प्रायश्चित्ताचा मार्ग धरला आणि या कोंडीतून वाट काढली. त्यांनी पेशव्याला पदच्युत केले नाही की मारेकरी धाडले नाहीत. पापाचे मोल किती हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितले आणि ते चुकवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली.

१९०९ च्या प्रेक्षकाला प्रायश्चित्त ही पुराणातली गोष्ट वाटत नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद, उभे राहिले होते. त्यात टिळकांनी प्रायश्चित्त घेतले आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही घेतले.  रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि पेशव्यांच्या रोजनिशींवरील निबंधात त्यांनी त्या काळच्या न्यायव्यवस्थेचाही विचार केला. चहाच्या पेल्यासाठी प्रायश्चित्त मागणारा समाज त्या संस्थेला किती उथळ करून बसला होता, हे या प्रकरणातून दिसते. 'भाऊबंदकी'तला रामशास्त्री तीच संस्था खुनासमोर आणि सत्तेसमोर उभी करून तिचे मूळचे गांभीर्य परत देतो.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. जिवाबद्दल जीव मागितला तर तो सूडच नव्हे का? शिक्षेचे स्वरूप पाहून याचे उत्तर मिळत नाही, ती सांगणारा कोण आणि कशी सांगतो यावरून मिळते. रामशास्त्र्यांचा या हत्येत वैयक्तिक हिशेब नाही. शिक्षा सांगून त्यांना काही मिळत नाही, उलट पद जाते. निवाड्याआधी चौकशी होते. शिवाय तो निवाडा परक्याविरुद्ध नसून ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याविरुद्ध आहे. सूड नेहमी परक्याचा गुन्हा पाहतो, आपल्या बाजूचा गुन्हा पाहण्याची ताकद न्यायातच असते. हाच दोघांतला सर्वांत खात्रीचा भेद आहे.

मात्र अशा न्यायाला मर्यादा आहे आणि इतिहासाने ती दाखवली. हत्येत हात असलेले काही जण पुढे पकडले जाऊन मारले गेले, पण ज्याच्या नावाने हत्या झाली तो सुटला. नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्यासारख्या कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाने त्याला गादीवरून दूर केले आणि एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलाला, सवाई माधवरावांना, पेशवा केले. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत युद्ध चालले. एका माणसाने नाकारलेल्या प्रायश्चित्ताची किंमत सगळ्या राज्याने मोजली.

महाभारतही सूड आणि न्याय यांच्या या प्रश्नापाशी थांबते. द्रोणांना कपटाने निःशस्त्र करून मारले गेले, म्हणून अश्वत्थाम्याचा राग अकारण नव्हता. पण रात्री झोपलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांना मारून त्याने तो हक्क गमावला. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो, जीव घेतला जात नाही. भागवतात तर द्रौपदीच त्याला सोडा म्हणते, कारण आपल्यासारखे त्याच्या आईने रडू नये. जिला सूडाचा सर्वांत मोठा अधिकार आहे तीच तो सोडून देते आणि तरीही गुन्हा निर्विवाद गुन्हाच राहतो.

'भाऊबंदकी'चे मोल इथेच आहे. न्यायाचा विजय झाला असे ते सांगत नाही. अंमलबजावणीची ताकद नसतानाही निवाडा उच्चारला गेलाच पाहिजे, हे ते सांगते. रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, पण ती निष्पापपणाने मिळाली असे म्हणण्याची सोय रामशास्त्र्यांच्या एका वाक्याने कायमची काढून घेतली. सूडाला एवढे कधीच साधत नाही, कारण सूड घेतल्यावर मारणारा आणि मरणारा यांच्यातला दोषी कोण हे पुन्हा ठरवावे लागते. न्याय ते आधी ठरवतो, मोठ्याने सांगतो आणि ते सांगण्याची किंमत स्वतः चुकवतो.