दगडावरचे जंगल

एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या ‘द सिग्नेचर ऑफ ऑल थिंग्ज’ (२०१३) या कादंबरीची नायिका आल्मा व्हिटेकर १८०० साली जन्मते. वडील सिंकोनाच्या व्यापारात गब्बर झालेले. फिलाडेल्फियातल्या घरी ग्रंथ, हरितगृहे, सगळे हाताशी. पण त्या काळी विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंदच. मग आल्मा घराजवळच्या खडकांवरचे मॉस भिंगातून पाहू लागते. मॉसला फूल नाही, खरे मूळही नाही. उन्हात ते वाळून कोळ होते आणि पाण्याचे चार थेंब पडताच पुन्हा हिरवेगार होते. हातभर दगडावरची ही उलथापालथ ती वर्षानुवर्षे टिपते. कादंबरीची खरी गोडी याच पानांत आहे. पुढची प्रेमकथा त्यामानाने फिकी.

आल्मा काल्पनिक असली, तरी तिच्यासारख्या स्त्रिया इतिहासात होत्या. फ्रान्सच्या जान बारे हिने तर १७६६ मध्ये पुरुषवेषात दर्यावर्दी बूगँव्हीलच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेचे जहाज गाठले, कारण नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता. वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों यांच्यासोबत ती नमुने गोळा करी. दारोदारी फुलणारी बोगनवेल याच सफरीत ब्राझीलमध्ये नोंदली गेली आणि तिला नाव मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून बारेची आज नोंद आहे. तिच्या नावाची वनस्पती, सोलॅनम बारेटी, मात्र थेट २०१२ साली आली.