हे औषध नव्हे!

पोषणपूरकांच्या बनावट लेबलांविषयी वर्तमानपत्रांतून एवढे छापून आल्यानंतरही, भंडाऱ्याच्या बाजारात त्याच डब्यांची आरास मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या मुखातून या आठवड्यात पुन्हा तीच जुनी सबब ऐकली आणि मस्तक फिरले: "औषध नाही जी हे, अन्न होय!"

गुडघ्यांची वेदना, मधुमेह, निद्रानाश आणि केशपतन या सर्वांवर हा एकच डबा रामबाण आहे, असे गिऱ्हाइकाला पटवीत असेतोवर ते औषध असते. मात्र शास्त्रीय पुराव्याची पृच्छा होताच ते तत्क्षणी अन्नत्व पावते. अन्नच म्हणावे, तर तुमसरच्या तांदळाप्रमाणे ते पोटभर का खाऊ नये, असे विचारले की ते पुन्हा औषध होऊन "दिवसाला दोनच चमचे" एवढ्यावर येते! पोषणपूरकांविषयीच्या 2016 च्या विनियमांनी 'औषधी वापरासाठी नाही' हा मजकूर डब्यावर सक्तीचा केला तो ग्राहकाच्या सावधगिरीसाठी. विक्रेत्याने त्यालाच आपल्या निर्दोषत्वाचा दाखला करून टाकले आहे. शिवाय तो मजकूर इंग्रजीत वा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते, मराठीची सक्ती नाही.

"नैसर्गिक आहे", "सगळेच घेतात" या किरकोळ सबबींवर शाई दवडीत नाही.

पुराव्यादाखल दाखवला जाणारा डब्यावरील 14 अंकी क्रमांक हा अन्नव्यवसायाचा परवाना होय, आतील मालाच्या गुणाची हमी नव्हे. केरळातील डॉक्टरांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत 36 प्रथिनचूर्णांपैकी 25 डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खोटा ठरला. चुकीच्या लेबलासाठी 3 लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. परंतु दुकानाच्या फळीवर ओणवून कानात सांगितलेल्या थापेचा पंचनामा कोणता अंमलदार करणार?

असो. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या 40 व्या कलमाने विकत घेतलेला जिन्नस शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याची मुभा सामान्य ग्राहकालाही दिली आहे. नमुना नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. अट एवढीच, की तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. वाचकहो, तेवढे एक वाक्य दुकानात उच्चारून पाहा. डबा अन्न की औषध याचा निकाल लागो न लागो, विक्रेत्याची जीभ तरी ताळ्यावर येईल.