कमरेला काय आहे?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या बायकोमुलासह वसईला आला होता. गेली सतरा वर्षे तो अमेरिकेत, टेक्सास राज्यात असतो. येताना त्याने घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही आणले, आणि माझ्यासाठी आणला कमरेचा पट्टा. निवृत्तीनंतर माझी कंबर दोन इंच आत गेली असून मी जुन्या पट्ट्याला खिळा तापवून नवी भोके पाडीत असतो, ही बातमी आमच्या सौ.ने फोनवरून पार तिथवर पोचवली होती.

या नव्या पट्ट्याला भोकच नाही. आतल्या बाजूने करवतीसारख्या बारीक दात्यांची एक पट्टी शिवली आहे, आणि बक्कलात एक लहानशी खिट्टी आहे. पट्ट्याचे टोक आत सारत जावे तसतसा कट् कट् असा आवाज होतो आणि दरवेळी पट्टा पाव इंचाने आवळतो. पुढे सरकतो, मागे म्हणून येत नाही. सोडायचा तर बक्कलाखालची कळ मुद्दाम दाबावी लागते. आमच्या लहानपणी विहिरीच्या रहाटाला उलटा फिरू नये म्हणून असेच दातेरी चाक आणि अडसर असे. तत्त्व तेच, फक्त इथे पोहऱ्याच्या जागी पोट आहे. फराळाच्या दिवसांत ही सोय किती मोलाची आहे हे वाचकांना सांगायला नको.

पण पट्टा हातात घेताच मला त्याच्या कणखरपणाचे नवल वाटले. आडवा धरला तरी तो लवेना. मी म्हणालो, “अरे, माझ्या विजारीला एवढा दणकट पट्टा कशाला?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “काका, खरं सांगायचं तर हा पट्टा पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी बनवतात. मी रोज हाच वापरतो.”

स्वयंपाकघरात चकल्या तळण्याचा आवाज चालू होता तो मला एकदम मोठा वाटू लागला.

मग त्याने सगळे समजावून सांगितले, आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते. गोळ्या भरलेले लहान पिस्तूल अर्ध्या-पाऊण किलोचे असते. साध्या चामडी पट्ट्याला ते लटकवले की पट्टा त्या बाजूला पिळवटतो, पिस्तुलाची मूठ बाहेर कलते आणि सदऱ्यावर तिचा उंचवटा दिसतो. म्हणून पट्टा आडव्या अंगाने ताठ हवा. त्यासाठी दोन थरांच्या मध्ये कडक पट्टी घालतात. दुसरे, माणूस उभा असताना त्याची कंबर असते त्याहून बसल्यावर ती मोठी होते. दोन भोकांमधले इंचभर अंतर एकदा सैल पडते तर एकदा काचते, म्हणून हे दाते. तिसरे, बक्कल पातळ हवे. आणि विजार घेताना आपल्या मापाहून इंच-दोन इंच मोठी घ्यावी, कारण आत आणखी एक पाहुणा असतो. दिवसभर पिस्तूल जवळ असावे, पण ते कुणाला दिसू नये, आणि खुद्द आपल्यालाही त्याची आठवण राहू नये. पट्टा चांगला म्हणजे असा.

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात अडकून राहिले.

त्याच्या बाजूने बोलायचे तर त्याच्यावर प्रसंग गुदरला होता. एका पेट्रोल पंपावर आणि त्याला लागून असलेल्या दुकानात त्याची भागी आहे. तीन वर्षांपूर्वी एका रात्री एका पोराने गल्ल्याजवळ त्याच्या छातीला पिस्तूल लावले. पैसे घेऊन तो गेला, कुणाला इजा झाली नाही. “त्याचं बोट थरथरत होतं, काका. त्याला मारायचं नव्हतं हे मला कळत होतं. पण बोट थरथरत होतं.” दुसऱ्या आठवड्यात याने शिक्षणवर्ग केला आणि परवाना काढला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेक प्रौढांना परवान्यावाचूनही पिस्तूल बाळगता येते, आणि २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. तरी याने रीतसर शिकून परवाना घेतला, यात मला आमच्या घराण्याचे वळण दिसले.

आपल्याकडे या गोष्टी वेगळ्या. इंग्रजांनी १८७८ चा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले आणि गोऱ्यांना मोकळीक ठेवली. सगळ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकालाही इंग्रजी राज्याच्या पापांतले अत्यंत काळे पाप वाटला होता. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला. त्यातही बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतो. नियमांतील शस्त्रांच्या यादीत तलवारीच्या जोडीने गुप्तीचाही समावेश आहे. गुप्ती हा शब्द पाहा. आपल्या भाषेने या हत्याराला नाव दिले ते त्याच्या धारेवरून नव्हे की टोकावरून नव्हे, लपण्यावरून.

मी पुतण्याला म्हणालो, “विरारच्या पूर्वेला डोंगराकडचा आदिवासी बाजारात येतो, त्याच्या कमरेला मागे लाकडी आकडी असते आणि आकडीत कोयता. एका घावात मान उतरवील असा. त्याच्या शेजारी बसून मी एस.टी.तून कितीतरी वेळा प्रवास केला आहे, कधी अंग चोरून बसलो नाही. का? तर तो कोयता दिसतो, आणि त्याचं काम काय ते मला ठाऊक असतं. आणि याच आपल्या वसईच्या किल्ल्यातून १७३९ च्या मे महिन्यात हरलेले पोर्तुगीज बाहेर पडले ते चिमाजी आप्पांशी झालेल्या तहाप्रमाणे शस्त्रांनिशी, निशाणं फडकावीत आणि नगारे वाजवीत. शस्त्र दिसतं तेव्हा त्याला एक अब्रू असते.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण मी पिस्तूल उघडं लटकवून गल्ल्यावर उभा राहिलो तर दूध घ्यायला आलेली म्हातारी घाबरेल की नाही? झाकणं ही सभ्यता आहे, काका. शिवाय कुणाच्या कमरेला आहे आणि कुणाच्या नाही हे चोराला कळलं नाही, तर ज्यांच्याजवळ नाही तेही वाचतात.”

याला मला उत्तर सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही. लपवणे म्हणजे कपट, असे सरसकट म्हणता येत नाही. आपण पुष्कळ गोष्टी दुसऱ्याच्या सुखासाठी झाकतो. माझी आजी कमरेला चंची खोचीत असे आणि तिच्यात किती पैसे आहेत हे आजोबांनाही सांगत नसे. जुने व्यापारी रुपयांचा कसा अंगरख्याखाली बांधून मुलूख पालथा घालीत. शीख बांधवांचे कृपाण तर घटनेच्या २५ व्या कलमाने मान्य केले आहे, आणि पुष्कळ जण ते कपड्यांच्या आत बाळगतात. ती त्यांची श्रद्धा, तिला कुणी गुप्ती म्हणणार नाही.

तेवढ्यात अंगणातून पोरांचा गलका आला. आळीतल्या मुलांनी मातीचा किल्ला केला होता, आणि पुतण्याचा सहा वर्षांचा मुलगा चिखलाने माखून त्यांच्यात रमला होता. किल्ला पाहून पुतण्याला आठवले, किंवा आठवल्याचे त्याने दाखवले: “आणि प्रतापगडावर? वाघनखं उघडी होती का?”

मराठी माणसाशी या विषयावर वाद घालताना हा प्रश्न येणारच. १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, बाह्यांत बिचवा, मुठीत वाघनखे. ती नखे लपवली नसती तर पुढचा इतिहास घडला नसता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून २०२४ च्या जुलैत जी वाघनखे साताऱ्यास उसनी आली, ती तीच की नाही याची खात्री ते संग्रहालयही देत नाही. पण लोक पाहायला गेले, मीही जाऊन आलो. काचेपलीकडचे ते चार-पाच नखांचे लहानसे लोखंड पाहताना अंगावर काटा आला हे कबूल केले पाहिजे.

मी त्याला एवढेच म्हणालो की, महाराजांनी ती नखे एका दिवसासाठी, एका माणसासाठी घेतली होती. समोर कोण येणार आहे, त्याने आधी काय केले आहे, हे त्यांना माहीत होते. भेट आटोपल्यावर राजगडावर मासाहेबांच्या पाया पडायला ते वाघनखे चढवून गेले नसतील. तुझा पट्टा मात्र ‘रोजच्या वापराचा’ आहे. रोज, म्हणजे समोर कोण आहे हे ठरायच्या आधी. दूध घ्यायला येणारी म्हातारीसुद्धा त्यात आली.

तो गप्प राहिला, मग हळूच म्हणाला, “ओलेथचं तुम्ही वाचलंत ना?” वाचले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला हा आपला तरुण अभियंता मित्राबरोबर संध्याकाळी बसला असता एकाने केवळ द्वेषापोटी त्याला गोळ्या घालून मारले. पुतण्याचे म्हणणे, हा आमच्या प्रत्येकाच्या मनात बसलेला प्रसंग आहे. मला त्याच प्रसंगातला दुसरा माणूस आठवत होता. इयान ग्रिलट नावाचा एक गोरा अमेरिकन तिथे होता. हातात काही नसताना तो मारेकऱ्यामागे धावला. गोळी त्याच्या हातातून आणि छातीतून गेली, आणि तो वाचला. पण हे मी बोललो नाही. सुरक्षित अंगणात बसून दुसऱ्याला असले धैर्य शिकवणे बरे दिसत नाही. आणि दुसरेही एक कारण होते. ते आता सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या जमिनींना सोन्याचा भाव येऊ लागला आणि त्याबरोबर दहशत आली. १९८९ साली नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या घालून खून झाला. मी तेव्हा रात्रीच्या गाडीने मुंबईहून परतत असे. स्टेशनपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट, अर्ध्यावर दिवे नाहीत. एके दिवशी मी एक रामपुरी चाकू विकत घेतला आणि सदऱ्याखाली पट्ट्यात खोचू लागलो. कुणाला सांगितले नाही. आता वाटते, मला कुणी मारण्याइतका मी मोठा नव्हतो. पण भीतीला माणसाची योग्यता कळत नाही.

त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती आणि हजारो माणसे रिकाम्या हातांनी रस्त्यावर उतरली होती. भाजीच्या टोपल्या घरी ठेवून आलेल्या बायका, वाडीवाले, शाळामास्तर. मोर्चात मीही होतो. माझ्या कमरेला चाकू होता. माझ्या शेजारून चालणाऱ्या एका म्हाताऱ्याने दम लागला म्हणून माझ्या कमरेभोवती हात टाकला, आणि मी चटका बसावा तसा बाजूला झालो. तो पडता पडता सावरला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला काय वाटले असेल ते मला कधीच कळले नाही. त्या एवढ्या माणसांत मी एकटाच मोर्चाबाहेर होतो.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मी घरी आलो की ती धावत येऊन कमरेला मिठी मारी. एका रात्री तिचे कपाळ त्या मुठीवर आपटले. “बाबा, कमरेला काय आहे?” मी म्हणालो, “चाव्या.” दुसऱ्या दिवसापासून ती धावत आली की मी उजवी बाजू वळवून तिला डाव्या अंगाने घेऊ लागलो. पंधरवड्यात ते इतके अंगवळणी पडले की माझे मलाही कळेना. शेवटी सौ.च एकदा जेवण वाढताना सहज म्हणाली, “चाव्या फार जड झाल्यात का हो हल्ली?” चाकू त्या रात्री स्वयंपाकघरात गेला. अजून आहे. फणस फोडायला त्याचा फार उपयोग होतो, आणि मुले त्याला फणसाची सुरी म्हणतात.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले नसते. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याचा मुलगा किल्ल्यावरून धावत आला आणि त्याला बिलगला. पुतण्याचे पिस्तूल सात समुद्रांपलीकडे तिजोरीत कुलूपबंद होते. कमरेला नुसता पट्टा. तरीही तो उजवी बाजू वळवून, कोपराने कंबर झाकून, डाव्या अंगाने पोराला सामोरा गेला.

मग मात्र मी त्याला माझी हकीकत सांगितली. त्याने वाद घातला नाही. “तिकडे तो बिलगतो तेव्हा खरंच कमरेला असतं, काका,” एवढेच तो म्हणाला, आणि बराच वेळ पोराच्या केसांतली माती काढीत बसला.

ते परत गेले. पट्टा मी वापरतो. फार सोयीचा आहे. परवा पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याने विचारले, “पट्टा कसा आहे? काही अडकवता की नाही?” मी सदरा वर करून दाखवला. घराच्या, कपाटाच्या आणि वाडीच्या फाटकाच्या मिळून सात चाव्यांचा जुडगा होता. तो मोठ्याने हसला. तेवढ्यात मागून ‘बाबा’ अशी हाक आली आणि पोराने येऊन त्याच्यावर उडी घेतली. फोन हलला, छत दिसले, एक खांदा दिसला. पुतण्याची कंबर काही मला दिसली नाही.